काळ्या रानातली तांबडी माती

मंगळवेढ्याची जमीन काळी आहे. पावसाळ्यात ती पाय धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या जमिनीने मालदांडी ज्वारी दिली, गावाला ज्वारीचे कोठार हे नाव मिळवून दिले, आणि २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण जी जमीन ज्वारीला मानवते ती कुस्तीला मानवत नाही. ओली काळी माती अंगाला चिकटून बसते, वाळली की तिची ढेकळे कातडी सोलतात. आखाड्याला लागते ती तांबडी, भुसभुशीत, चाळून घेतलेली माती, आणि काळ्या रानाच्या मुलखात ती बाहेरून आणावी लागते. म्हणून या तालुक्यातल्या एखाद्या तालमीच्या हौद्यात तांबडी माती दिसली, की कोणीतरी गाडी जुंपून ती आणली, कोणीतरी खडे वेचून ती चाळली, तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून ती मऊ केली, आणि वर्षानुवर्षे रोज उकरून जिवंत ठेवली, हे धरून चालावे. त्या माणसांची नावे बहुधा कोणत्याही दप्तरात नसतात. त्यांच्या कामाचा कागद म्हणजे ती मातीच.

अशा माणसांचा सन्मान कसा करावा, हा या लेखाचा विषय आहे. त्यात वस्ताद आले. पहाटे तालीम उघडणारे, जत्रेच्या मैदानात जोडी लावणारे, पंच म्हणून उभे राहणारे, वर्गणी गोळा करणारे, हलगीवर बोटे फुटेपर्यंत वाजवणारेही आले. आज सन्मान म्हटले की शाल, श्रीफळ, फेटा, एक स्मृतिचिन्ह आणि चार भाषणे एवढेच चित्र उभे राहते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. आपल्याकडे वस्तादाचा मान मुळात समारंभात नव्हता. तो त्याच्या निर्वाहाच्या सोयीत होता आणि त्याचे नाव टिकवण्याच्या रीतीत होता. गेल्या पाऊणशे वर्षांत सोय गेली, रीत विरत गेली आणि समारंभ तेवढा उरला. मंगळवेढ्यासारख्या गावाला आपल्या वस्तादांचा खरा सन्मान करायचा असेल, तर त्या दोन्ही गोष्टी नव्या काळाला शोभतील अशा रीतीने पुन्हा उभ्या कराव्या लागतील. हे म्हणणे पटायचे तर आधी थोडे मागे जायला हवे.

बाराव्या शतकात मंगळवेढे हे कलचुरी घराण्याचे ठाणे होते. पुढे ज्याने कल्याणीची गादी बळकावली तो बिज्जल याच घराण्यातला. महात्मा बसवेश्वरांच्या आयुष्यातला काही काळही याच गावाशी जोडलेला आहे. हे कलचुरी तेव्हा कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते, आणि त्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे. राजाने काय खावे, कशात रमावे, राज्य कसे चालवावे याची मोठी नोंदवही म्हणता येईल असा हा ग्रंथ ११३० च्या सुमाराचा. त्यात ‘मल्लविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांच्या ताकदीप्रमाणे ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक आणि गोवल अशा प्रती त्यात लावल्या आहेत, आणि कोवळ्या वयाच्या, अजून घडत असलेल्या मल्लाला ‘भविष्णू’ असा शब्द आहे. भविष्णू म्हणजे होऊ घातलेला. मल्लांचा खुराक, मेहनत, विश्रांती या साऱ्याची तरतूद राजाने करायची असे तिथे गृहीत धरलेले दिसते. हे वर्णन दरबारचे आहे, खेड्याचे नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही एक गोष्ट त्यातून निर्विवाद दिसते. मल्ल घडवणे हे खर्चाचे, दीर्घ मुदतीचे काम आहे आणि ते कोणाच्या तरी कोठारावर उभे असते, ही जाण या मुलखात नऊशे वर्षांची आहे. होऊ घातलेल्या पोराला ज्या राज्यव्यवस्थेने शब्द दिला, तिने त्याच्या पोटाचाही विचार केला होता.

ही जाण संस्थानी काळापर्यंत टिकली. मंगळवेढा १९४८ पर्यंत सांगलीच्या पटवर्धन संस्थानाचा तालुका होता. शेजारचे पंढरपूर इंग्रजी अमलात आणि मंगळवेढे संस्थानात, असा हा प्रदेश विभागलेला होता. दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानांना कुस्तीचा शौक होता, आणि त्या शौकाचा कळस कोल्हापुरात झाला. शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले, रोमचे प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिले, आणि १९१२ पर्यंत कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले. पण मैदानापेक्षा महत्त्वाच्या होत्या गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी यांसारख्या तालमी. तिथे पोरांच्या राहण्याची, खुराकाची आणि शिकवणाऱ्याची सोय एकत्र होती. वस्ताद हा तिथे मानाचा माणूस होता आणि त्याला दरबारचा आधारही होता. मान आणि निर्वाह या तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

दुसरी रीत होती नावाची. पुण्यातल्या जुन्या तालमींची नावे पाहावीत: गोकुळ वस्ताद तालीम, जगोबादादा तालीम. त्या तालमींतून कितीतरी नामांकित मल्ल बाहेर पडले, पण पाटीवर नाव राहिले ते शिकवणाऱ्याचे. याहून बोलके उदाहरण बडोद्याचे आहे. गजानन यशवंत तांबे, म्हणजे प्रोफेसर माणिकराव, हे व्यायामक्षेत्रातले फार मोठे नाव. त्यांनी आपली संस्था वाढवली आणि तिला आपल्या मुसलमान गुरूचे नाव दिले: जुम्मादादा व्यायाममंदिर. शिष्य थोर झाला की गुरूचे नाव पाटीवर चढते, ही ती रीत. आपली भाषाही याला साक्ष आहे. ‘वस्ताद’ फारसीतून आला, ‘तालीम’ अरबीतून, ‘मल्ल’ संस्कृतातून, आणि तिन्ही शब्द एकाच हौद्यात एकमेकांना भिडले. सोलापूर जिल्ह्यापुरते बोलायचे तर बोरामणीच्या शेख घराण्यात इस्माईल, आप्पालाल आणि मुन्नालाल असे तीन महाराष्ट्र केसरी झाले. २०१८ साली करमाळा तालुक्यातला बाला रफिक शेख, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात मंगळवेढ्याच्या शेजारच्या मोहोळचा सिकंदर शेख हेही महाराष्ट्र केसरी झाले. तालमीने कोणाची जात-जमात पाहायची आणि कोणाची नाही याचा इतिहास सगळीकडे सारखा उजळ नाही, पण वस्तादाच्या पाया पडताना धर्म आड न येण्याची परंपरा या जिल्ह्यात खरी आहे आणि ती जपण्याजोगी आहे.

८ मार्च १९४८ ला सांगलीसह दक्षिणेतली बहुतेक संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. लोकशाहीच्या दृष्टीने ते योग्यच झाले. मात्र तालमीचा आधार त्याच दिवशी सुटला, आणि त्याच्या जागी लगेच दुसरा आधार आला नाही. १९५३ साली मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली, १९६१ साली औरंगाबादला पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. स्पर्धा उभी राहिली, किताब उभा राहिला, पण खेड्यातल्या तालमीचा रोजचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न गावावरच राहिला. दरबाराने सोडलेली जागा जत्रा कमिटीने, चार हौशी शेतकऱ्यांनी, एखाद्या शाळामास्तराने आणि कुस्ती सोडल्यावरही तालीम न सोडणाऱ्या जुन्या पैलवानाने भरून काढली. आज ज्याला आपण परंपरा म्हणतो तिची गेली पाऊणशे वर्षे या बिनपगारी माणसांच्या जिवावर गेली आहेत. राजाश्रयाचा इतिहास सांगताना आपण शाहू महाराजांपाशी थांबतो. पण त्यांच्यानंतरचा काळ अधिक लांब आहे आणि तो राजांचा नाही.

या माणसांचे काम नेमके काय असते, हे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण न दिसणाऱ्या कामाचा सन्मानही मोघम होतो. वस्ताद डाव शिकवतो हे सर्वांना ठाऊक आहे. ढाक कधी लावायची, घिस्सा कुठे मारायचा, पट काढताना मान कुठे ठेवायची, हे तो सांगतो. पण डाव हा त्याच्या कामाचा लहान भाग. दहा-बारा वर्षांच्या पोराच्या जोर-बैठका किती वाढवायच्या, गुडघा दुखतो म्हणणारे पोर खरेच दुखावले आहे की कंटाळले आहे, एखाद्याच्या घरी दूध बंद झाले असेल तर ते न विचारता कसे ओळखायचे, हे रोज पहाटेचे निर्णय असतात. त्यातला एक चुकला तर पोर कायमचे अधू होऊ शकते. जत्रेच्या मैदानात जोड लावणे हे तर न्यायाधीशाचे काम. चैत्र-वैशाखात, ज्वारीची खळी उरकल्यावर, गावोगाव मैदाने भरतात. रेवड्यांवर आणि नारळावर लागणाऱ्या लहानग्यांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत शेकडो पोरे उभी असतात. त्यांची उंची, वजन, वय, मेहनत एका नजरेत जोखून जोडी लावायची. जोड विजोड झाली तर हरणारे पोर परत आखाड्यात येत नाही, आणि त्याचा बाप कमिटीवर राग धरतो. मग वर्गणी. ती दुष्काळाच्या सालीही मागावी लागते. सोलापूर जिल्हा अवर्षणाचा, आणि मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या गावांचा पाण्यासाठीचा लढा साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. जिथे प्यायच्या पाण्याला टँकर लागतो तिथे बदाम-तुपासाठी दारोदार जाणे ही साधी गोष्ट नाही. २०२० आणि २०२१ या करोनाच्या सालांत जत्रा बंद राहिल्या, मैदाने झाली नाहीत, इनामे थांबली. तरीही ज्या तालमी पुन्हा उघडल्या त्या आपोआप उघडल्या नाहीत.

एवढ्या कामाला आपण कोणता मान दिला? पुरस्कारांच्या तारखाच उत्तर देतात. खेळाडूंसाठीचा अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार यायला १९८५ साल उजाडले. पहिल्याच वर्षी तो ज्यांना मिळाला त्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते, ही मराठी माणसाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे. पण शिष्याला ओळखल्यावर गुरूला ओळखायला राष्ट्राला चोवीस वर्षे लागली, हेही लक्षात ठेवावे. राज्य सरकारचे शिवछत्रपती पुरस्कार मार्गदर्शकांनाही मिळतात, पण त्यांची मोजपट्टी शिष्याने जिंकलेल्या पदकांची आहे. जुन्या पैलवानांना सरकार मानधन देते, त्यात वाढ करण्याची घोषणाही २०२३ च्या जानेवारीत झाली. ते मानधन मात्र किताबाशी आणि पदकाशी बांधलेले आहे. ज्याने स्वतः किताब मिळवला नाही, ज्याचा शिष्य पुढे मोठ्या तालमीत जाऊन दुसऱ्याच्या नावाने ओळखला गेला, असा गावचा वस्ताद या दोन्ही चाळण्यांतून खाली पडतो. आणि खेड्यातले बहुतेक वस्ताद असेच असतात.

मंगळवेढ्याला याचे उदाहरण लांब शोधावे लागत नाही. या तालुक्यातला महेंद्र गायकवाड २०२३ च्या जानेवारीत पुण्याला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीपर्यंत पोहोचला. दोन्ही वेळा तो माती विभागातून आला. ही स्पर्धा माती आणि गादी अशा दोन विभागांत होते आणि दोन्हींतले विजेते शेवटी किताबासाठी भिडतात. त्याला घडवण्याचे श्रेय पुण्यात काका पवारांच्या तालमीला दिले जाते, आणि ते रास्त आहे. काका पवार स्वतः हरिश्चंद्र बिराजदारांचे शिष्य, बिराजदारमामा १९६९ चे महाराष्ट्र केसरी आणि १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतले सुवर्णपदक विजेते. २०१८ साली राष्ट्रकुल सुवर्ण मिळवणारा राहुल आवारेही याच परंपरेतला. म्हणजे वंशावळ किती लांब आणि किती तेजस्वी असू शकते हे इथे दिसते. पण ही वंशावळ पुण्यापासून सुरू होते. पुण्याला जाण्याआधी पोराला लंगोट कसा बांधायचा हे कोणीतरी शिकवलेले असते, पहिल्या पराभवानंतर त्याच्या पाठीवरची माती कोणीतरी झाडलेली असते. पैलवानाच्या नावापुढे कंसात ‘सोलापूर’ छापले जाते, म्हणून जिल्ह्याला मान मिळतो. त्या कंसात पहिल्या वस्तादाला जागा नाही.

जे वस्तादाचे तेच पंचाचे. २०२३ च्या त्याच स्पर्धेत माती विभागाच्या निर्णायक लढतीतल्या गुणांवरून वाद झाला आणि पंचाला धमकी दिल्याचे प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. २०२५ साली अहिल्यानगरला पंचाला लाथ मारल्याचे दृश्य घरोघर पाहिले गेले आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. निर्णय चुकीचा होता की बरोबर, हा तज्ज्ञांचा विषय. निर्णय चुकल्यास दाद मागण्याची वाट हवी, आणि चुकणाऱ्याला जबाबही विचारला पाहिजे. पण ज्या मैदानात पंचाच्या अंगावर जाणे शक्य वाटते, तिथे वर्षातून एकदा पंचांना दिलेल्या फेट्याला काही अर्थ उरत नाही. सन्मान हा वर्षभराच्या वागणुकीत असावा लागतो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की वस्तादाचे काम ही सेवा आहे, तिला पैशाचे माप लावले की तिचे पावित्र्य जाते. हा आक्षेप घेणारे बहुधा प्रामाणिक असतात, आणि अनेक वस्ताद स्वतःही असेच म्हणतील. पण खाशाबा जाधवांची कथा नीट वाचली तर उत्तर मिळते. १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्यांनी आणले. त्या प्रवासासाठी त्यांच्या गोळेश्वर गावच्या आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले असे सांगतात. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि सांगितलीच पाहिजे. पण तिच्यात एक लाजही आहे. देशाचे पदक एका शिक्षकाच्या गहाणखतावर अवलंबून राहिले, ही व्यवस्था नव्हे. स्वतः खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. पुढे त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडादिन म्हणून ठरला, हे चांगले झाले. पण त्यागाची कथा सांगून त्याग करणाऱ्याला तसेच राहू देणे हा त्यागाचा गौरव नाही. ज्याने मोबदला मागितला नाही त्याच्या औषधपाण्याची आठवण ठेवणे म्हणजे त्याच्या सेवेला भाव लावणे नव्हे. माणिकरावांनी गुरूचे नाव पाटीवर लावले म्हणून जुम्मादादांची विद्या विकली गेली असे कोणी म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. वस्तादाचा असा गौरव करताना आपण एका जुन्या, दरारा असलेल्या, प्रश्न न विचारणाऱ्या व्यवस्थेचे उदात्तीकरण तर करत नाही ना? तालमीच्या उंबऱ्याच्या आत मुलींना जागा नव्हती, हे खरे आहे. महिला कुस्ती ऑलिम्पिकमध्ये आली २००४ साली, आणि महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी व्हायला २०२३ चा मार्च उजाडला. सांगलीत ती झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. त्याच वर्षी दिल्लीत जंतरमंतरवर देशाच्या पदकविजेत्या कुस्तीगीर मुली रस्त्यावर बसल्या, कारण ज्यांच्या हाती त्यांचा खेळ होता त्यांच्याविरुद्ध त्यांची तक्रार होती. कुस्तीत अधिकार असलेल्या माणसासमोर मान खाली घालण्याची सवय किती महाग पडू शकते, हे त्या आंदोलनाने दाखवले. हा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. उलट तो मान्य केल्यानेच सन्मानाची कल्पना स्वच्छ होते. ज्याचे काम लोकांसमोर मांडलेले आहे, ज्याच्या तालमीत पालक कधीही येऊन बसू शकतात, ज्याच्याविरुद्ध मूल निर्भयपणे बोलू शकते, त्याचाच सन्मान टिकतो. नोंद आणि सन्मान एकत्र हवेत ते यासाठीच. नोंद झाली की चांगल्याचे नाव राहते, आणि वाईटाला आडोसा मिळत नाही. मुलींना हौद्यात उतरवण्यासाठी गावाचे बोल ऐकून घेणारे वस्तादही आज आहेत. त्यांना वगळून जुन्यांचेच गोडवे गायले तर तो सन्मान अर्धाच.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. ऑलिम्पिकची कुस्ती गादीवर होते, शास्त्रशुद्ध प्रशिक्षण, आहारतज्ज्ञ, व्हिडिओ पाहून डावांचे विश्लेषण हे सारे आता लागते. मग गावच्या मातीतल्या वस्तादावर वेळ आणि पैसा का घालवावा? गादी हवीच, आणि तालुक्याच्या ठिकाणी ती चांगल्या प्रतीची हवी, याबद्दल दुमत नाही. पण गादीवर उभे राहणारे पोर कुठून येते, हे विचारावे. मोठ्या शहरातले प्रशिक्षण केंद्र घडलेले पोर घेते आणि त्याला धार लावते. आठव्या-नवव्या वर्षी पोराला अंथरुणातून उठवून आखाड्यात आणण्याचे काम केंद्र करू शकत नाही, ते गावातलाच माणूस करतो. ज्याला ‘मानसोल्लास’ भविष्णू म्हणतो त्या वयाची जबाबदारी आजही या माणसाकडेच आहे. त्याला नव्या नियमांचे, दुखापतींचे, वजन घटवण्याच्या धोक्यांचे शिक्षण दिले तर ते त्याचा अपमान नाही. जाणत्याला आणखी जाणते करणे हीसुद्धा मान देण्याचीच पद्धत आहे.

आता मंगळवेढ्याने काय करावे? या गावाकडे सन्मानाचे स्वतःचे माप आहे, आणि ते फार उंच आहे. हे दामाजीपंतांचे गाव. बहामनी सरकारचा हा अधिकारी, दुष्काळात त्याने सरकारी कोठार भुकेल्यांसाठी उघडले, अशी परंपरा सांगते. हेच चोखोबांच्या शेवटाचे गाव. १३३८ साली इथल्या गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले, आणि त्याखाली दबलेल्या मजुरांत चोखामेळा होते. नामदेवांनी मंगळवेढ्यास येऊन त्यांच्या अस्थी नेल्या आणि पंढरपूरच्या महाद्वारापाशी त्यांची समाधी झाली. त्या भिंतीचा हुकूम देणाऱ्याचे नाव आज कोणी घेत नाही. भिंतीला हात लावताना मेलेल्या माणसाचे नाव मात्र आषाढी-कार्तिकीला लाखोंच्या तोंडी असते. राबणाऱ्याची आठवण कशी ठेवायची हे ज्या गावाच्या मातीत शिकायला मिळते, त्या गावाने आपल्या वस्तादांना शालीवर बोळवणे शोभत नाही. चोखोबांची गोष्ट आणखी एक शिकवते. जिवंतपणी ज्याला देवळाच्या बाहेर ठेवले त्याचा मान मेल्यावर झाला. आपल्या वस्तादांच्या बाबतीत तरी तो उशीर टळावा.

करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. तालुक्यातल्या प्रत्येक तालमीने आपली वही घालावी: तालीम कधी सुरू झाली, माती कोणी आणली, पहिले वस्ताद कोण, त्यांच्या हातून कोण घडले. ज्यांना हे आठवते ती माणसे म्हातारी झाली आहेत, म्हणून हे काम याच वर्षी सुरू व्हावे. आठवणीत अतिशयोक्ती असते हे खरे, पण दोन-तीन तोंडांतून पडताळलेली आठवण ही लिहून न ठेवलेल्या आठवणीपेक्षा कधीही बरी. जत्रेच्या पत्रकावर देणगीदारांची छायाचित्रे असतात आणि पैलवानांची नावे असतात. प्रत्येक पैलवानाच्या नावाखाली त्याच्या पहिल्या वस्तादाचे नाव छापावे, आणि निवेदकाने कुस्ती लागताना ते पुकारावे. इनामाच्या रकमेतला ठरीव हिस्सा तालुक्याच्या वस्ताद निधीत जावा, त्यातून आजारी आणि वृद्ध वस्ताद, पंच, हलगीवाले यांचा विमा आणि औषधपाणी व्हावे, आणि त्याचा हिशेब जत्रेतच वाचून दाखवावा. मुलींच्या कुस्त्या लावणाऱ्या तालमीला मैदानात मानाचे स्थान द्यावे. सरकारकडेही एक मागणी करावी: किताब न मिळवलेल्या, पण वीस-पंचवीस वर्षे तालीम चालवलेल्या वस्तादाला मानधनाच्या यादीत जागा द्या. हे सारे झाल्यावर शाल जरूर पांघरावी. तेव्हा तिची ऊब खरी असेल.

पुढच्या चैत्रात तालुक्यातल्या एखाद्या गावी मैदान भरेल, हलगी कडाडेल, आणि नारळावरच्या पहिल्या कुस्तीसाठी एखादे पोर कडेला उभे राहील. त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला आत ढकलणारा जो माणूस दिसेल, त्याचे नाव विचारा आणि लिहून घ्या.